विश्वासाची ठेव : मानसिक आरोग्यसेवेतील नीती आणि कायदा

(गोव्यातील शासकीय आरोग्यसेवेतील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व समुपदेशक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकताच आपणांपैकी पुष्कळांच्या मनात कलमे, नमुने आणि शिक्षा यांची एक लांबलचक यादी उभी राहिली असेल. ती यादी आवश्यक आहे व तिचा काही भाग मी आपणापुढे ठेवणारही आहे. परंतु तत्पूर्वी, ही यादी मुळात का करावी लागली याचा थोडा विचार करणे उचित ठरेल.

हात मोडलेला रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा तो म्हणतो, "दुखते आहे, जरा थांबा." आपण थांबतो. त्याच्या शब्दावर कोणी संशय घेत नाही. मनाच्या आजाराने ग्रासलेला माणूस "मला हे औषध नको" असे म्हणतो, तेव्हा मात्र त्याचा नकार हेच आजाराचे लक्षण मानले जाते. त्याने सेवकाविरुद्ध तक्रार केली तर तिला भ्रम म्हटले जाते. तो गप्प राहिला तर ती संमती समजली जाते. थोडक्यात, ज्याचा शब्दच आधीपासून हलका ठरवला गेला आहे, अशा माणसावर आपल्याला अधिकार मिळतो. वैद्यकाच्या अन्य कोणत्याही शाखेत सेवकाच्या हाती इतका अधिकार नसतो. म्हणूनच येथील नीती अधिक कठोर असावी लागते आणि तिच्यामागे कायदाही उभा करावा लागतो.

कायद्याची वाटचाल

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ साली झालेल्या कायद्याचे नावच मुळी 'लुनसी ॲक्ट' असे होते. वेड्यांपासून समाजाचे रक्षण करणे हा त्याचा मुख्य हेतू होता. १९८७ साली त्याची जागा मानसिक आरोग्य अधिनियमाने घेतली आणि तो १९९३ साली अमलात आला. भाषा बदलली, रुग्णालयांच्या परवान्याचे नियम आले. परंतु रुग्णाला स्वतःचे असे हक्क त्यातही फारसे मिळाले नाहीत.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झापाच्या शेडला आग लागली. आतील माणसे साखळीने बांधलेली असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच नातलग होते आणि साखळी बांधणाऱ्यांनाही आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नव्हते. या घटनेची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. पुढे २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ संमत होऊन २०१८ साली अमलात आला. आज आपले काम या अधिनियमाखाली चालते. रुग्ण हा हक्क असलेला नागरिक आहे, या एका विधानाभोवती त्याची सर्व कलमे गुंफलेली आहेत.

सांगितलेली गोष्ट

रुग्ण आपल्याला जे सांगतो ती त्याने आपल्याकडे ठेवलेली ठेव असते. ठेवीचा मालक तो, आपण केवळ राखणदार. अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाला आपल्या आजारासंबंधीची, उपचारासंबंधीची सर्व माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे आणि त्याला सेवा देणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर ही गुप्तता राखण्याचे बंधन आहे. कलम २४ नुसार रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र अथवा माहिती प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

मोठ्या शहरात हा नियम पाळणे तुलनेने सोपे आहे. आपल्या गोव्यात तो कसोटी पाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढणारी व्यक्ती रुग्णाच्याच वाड्यावरची असते. औषधे देणारा त्याच्या देवळाच्या समितीवर किंवा चर्चच्या गायनवृंदात असतो. रुग्णवाहिकेचा चालक त्याचा शाळासोबती निघतो. येथे गुप्तता फुटते ती दुष्टाव्याने नव्हे. ती फुटते आपुलकीने. "काल तुमचा पुतण्या केंद्रावर दिसला, बरा आहे ना?" एवढे एक प्रेमळ वाक्य संध्याकाळपर्यंत संपूर्ण गावात पोहोचते. मग जुळत आलेले लग्न मोडते, बोटीवरच्या नोकरीसाठी वैद्यकीय दाखला मिळवू पाहणारा तरुण धास्तावतो, आणि पुढच्या महिन्याच्या तारखेला तो गोळ्या न्यायला येत नाही. म्हणजे फुटलेल्या गुप्ततेचा पहिला घाव उपचारावरच बसतो.

यासाठी काही साध्या सवयी अंगी बाणवाव्या लागतील. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आजाराच्या नावाने हाक मारू नये. नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नये. केसपेपरचे छायाचित्र सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून सल्ला विचारू नये. विचारायचाच असेल तर नाव-गाव वगळून, आणि संबंधित तज्ज्ञालाच विचारावा. दूरध्वनी घरातील दुसऱ्या कोणी उचलला तर आपण कोठून बोलत आहोत हे सांगण्यापूर्वी विचार करावा. अधिनियम संगणकातील माहितीलाही हाच नियम लावतो.

येथे एक न्याय्य प्रश्न उपस्थित होतो. घरच्यांना काहीच सांगायचे नाही काय? आपल्याकडे रुग्णाची सेवा बहुधा आई, पत्नी किंवा बहीण करीत असते. गोळी केव्हा द्यावी, तिचे दुष्परिणाम कोणते, कोणत्या लक्षणांवर त्वरित केंद्रात आणावे, हे तिला कळलेच पाहिजे. रुग्णाने कलम १४ प्रमाणे नामनिर्देशित केलेल्या प्रतिनिधीला उपचाराच्या दृष्टीने आवश्यक ती माहिती देण्याची मुभा कायदाही देतो. मात्र शुश्रूषेसाठी लागणारी माहिती आणि रुग्णाने मन मोकळे करून सांगितलेली गोष्ट या दोहोंमध्ये अंतर आहे. मुलाला किती गोळ्या द्यायच्या हे आईला सांगावे. त्याने आपल्या प्रेमभंगाविषयी काय सांगितले, हे तिने कितीही आग्रह केला तरी सांगू नये. शंका असेल तेथे रुग्णालाच विचारावे, "घरी काय सांगू, काय सांगू नको?" बहुतेक वेळा तो स्वतःच समंजस मार्ग दाखवतो.

गुप्ततेच्या सीमा

तथापि गुप्तता अमर्याद नाही. १९६९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला, आपण एका तरुणीचा जीव घेणार आहोत, असे सांगितले. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. त्यांनी त्याला काही काळ ताब्यात घेऊन सोडून दिले. त्या तरुणीला अथवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही आणि तिचा खून झाला. 'तारासॉफ खटला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असा निर्णय दिला की, दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असल्याचे उपचारकाला कळले, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

तो निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही. परंतु आपल्या कलम २३ मध्येही दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवण्यासाठी, जिवाला असलेला धोका टाळण्यासाठी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, तसेच मंडळ, न्यायालय वा सक्षम प्राधिकरण यांच्या आदेशावरून माहिती देण्याची सोय आहे. वकिलाला अशिलाच्या बोलण्याविषयी जे संरक्षण न्यायालयात मिळते तसे डॉक्टरला मिळत नाही, हेही ध्यानी असावे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची बाब निराळी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

अशा प्रसंगी तीन पथ्ये पाळावीत. जेवढे आवश्यक तेवढेच, आणि ज्याला आवश्यक त्यालाच सांगावे. का सांगितले, कोणाला सांगितले, कोणाचा सल्ला घेतला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या सीमा रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगाव्यात. "तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, परंतु कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तर मला गप्प राहता येणार नाही." ही दोन वाक्ये आधी बोलली गेली असतील तर पुढे विश्वासघाताचा आरोप येत नाही. आधी 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊन नंतर ते मोडणे, ही मात्र उघड फसवणूक आहे.

रुग्णाची इच्छा

पणजीत मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये संमोहनावर प्रयोग केले. पुतळ्यात ते कोसळत्या स्त्रीपुढे हात पसरून उभे दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की, त्यांच्या हातातूनच काही अद्भुत शक्ती बाहेर पडत आहे. फारिया यांची शिकवण मात्र याच्या नेमकी उलट होती. त्या काळचे लोक चुंबकीय द्रवाच्या, प्रयोगकर्त्याच्या प्रभावाच्या गोष्टी करीत असता त्यांनी आग्रहाने मांडले की, जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून घडते. प्रयोगकर्ता केवळ निमित्त. आपण हे वाक्य कायम स्मरणात ठेवावे. बरे होणे हे रुग्णाच्या मनात घडते आणि ते त्याच्या सहभागाशिवाय घडत नाही.

अधिनियमाचे कलम ४ हाच विचार कायद्याच्या भाषेत सांगते. मानसिक आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे मानता येत नाही. माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम ओळखणे आणि आपला निर्णय कोणत्याही रीतीने व्यक्त करणे, या कसोट्यांवर क्षमता पाहायची असते. रुग्णाचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत, म्हणजे कोंकणीत, मराठीत, कन्नडमध्ये किंवा कामासाठी आलेल्या मजुराच्या हिंदीत, समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती नव्हे. इंग्रजी छापील कागदावरचा अंगठा कपाटात जपून ठेवता येईल. पण त्यातून रुग्णाला काय समजले होते हे सिद्ध होणार नाही.

दाखल करण्याचे नियमही याच तत्त्वावर आहेत. जो स्वतः येतो तो कलम ८६ खाली स्वतंत्र रुग्ण. ज्याने स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचा अलीकडे प्रयत्न केला आहे किंवा तशी धमकी दिली आहे, अथवा ज्याला स्वतःची काळजी घेणे अशक्य होऊन धोका निर्माण झाला आहे, आणि ज्याला निर्णयासाठी मोठ्या आधाराची गरज आहे, त्याला कलम ८९ खाली प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा व्यावसायिक वा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री वा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत कळवावे लागते आणि रुग्णाची क्षमता दर ७ दिवसांनी पुन्हा पाहावी लागते. 'पुन्हा पाहावी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्या आठवड्यात जो बोलू शकत नव्हता तो दुसऱ्या आठवड्यात आपला निर्णय घेऊ शकेल; आणि तो घेऊ लागला की आपण बाजूला व्हायचे.

रुग्णाचे शरीर

कलम ९५ ची भाषा निःसंदिग्ध आहे. कोणत्याही रीतीने, कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधणे वर्ज्य. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार वर्ज्य. उपचार म्हणून नसबंदी वर्ज्य. कलम ९७ प्रमाणे एकांत कोठडीत कोंडणे निषिद्ध आहे. तात्कालिक व गंभीर इजा टाळण्याचा अन्य कोणताही उपाय नसेल, तरच शारीरिक प्रतिबंध करता येतो, आणि तोही मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, आवश्यक तेवढाच वेळ. त्याची कारणे नोंदवावी लागतात आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवावे लागते.

रात्रपाळीला एक परिचारिका, एक सेवक आणि भरलेला कक्ष, ही परिस्थिती मला ठाऊक आहे. मनुष्यबळ अपुरे असणे हे वास्तव आहे, आणि ते वरिष्ठांना लेखी कळवणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु मनुष्यबळ अपुरे आहे म्हणून माणसाला बांधण्याची मुभा कायद्याने कोठेही दिलेली नाही. अधिनियमाच्या उल्लंघनासाठी प्रथम अपराधास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १०८ मध्ये आहे.

आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण

या रुग्णाच्या वाट्याला औषधाआधी बहुधा बोलणी येतात. "एवढे काय झाले होते?", "आईबापांचा विचार केला नाहीस?" असे प्रश्न अपघात विभागात सहज विचारले जातात. कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचे असून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही; लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच शिक्षा तेथे शिल्लक आहे. तेव्हा पोलिसांची भीती घालून रुग्णाला गप्प करणे कायद्यातही बसत नाही. घरी पाठवताना पुढील भेटीची तारीख आणि 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हाती द्यावा.

दाखल्याची मागणी

आपल्याकडे विशेष सावध राहण्याजोगा एक प्रसंग सांगतो. गोव्यात वारसाहक्काच्या वाटणीची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. समजा, एक गृहस्थ येऊन म्हणतात, "भाऊ आपल्याकडे उपचार घेतो, तेवढा वेडा असल्याचा दाखला द्या." गृहस्थ ओळखीचे, सभ्य, कदाचित पंचायतीचे सभासद. दाखला मागण्याचे कारण ते बोलत नाहीत. अशा वेळी कलम ३ आठवावे. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते ठरवणे सक्षम न्यायालयाचे काम. ज्याला आपण तपासले नाही त्याच्याविषयी लिहू नये, ज्याला तपासले त्याच्याविषयी त्याच्या संमतीवाचून नातलगाला लिहून देऊ नये. न्यायालयाने विचारले तर जे पाहिले तेवढेच लिहावे. लेखणीच्या एका ओळीने एखाद्याचे घर, जमीन आणि शब्दाची किंमत, तिन्ही जाऊ शकतात.

आपल्या मर्यादा

या राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी केलेल्या कामाचा अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. तज्ज्ञ नसलेला माणूसही योग्य प्रशिक्षण व देखरेख असेल तर मोठे काम करू शकतो, हे त्याने दाखवले. 'देखरेख असेल तर' ही अट विसरू नये. कलम १०६ नुसार आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचा उपचार कोणी सुचवू नये. समुपदेशकाने गोळ्या बदलू नयेत, डॉक्टरांनी दहा मिनिटांच्या उपदेशाला समुपदेशन म्हणू नये.

रुग्णाशी आर्थिक व्यवहार, त्याच्या जमिनीच्या सौद्यात मध्यस्थी, त्याच्या एकाकीपणाचा लाभ घेऊन जोडलेली जवळीक, यांपैकी काहीही क्षम्य नाही. शारीरिक संबंध तर रुग्णाच्या 'होकारा'नेही समर्थनीय ठरत नाहीत, कारण तो होकार अधिकाराच्या छायेखाली दिलेला असतो. रुग्ण आधी घाड्याकडे किंवा देवळात कौल लावायला गेला असेल तर त्याची चेष्टा करू नये. तो आपल्याकडेही त्याच आशेने आला आहे. आणि सहकाऱ्याचे गैरवर्तन दिसले तर 'आपल्याच खात्यातला' म्हणून डोळे मिटू नयेत. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने बोलणारा साक्षीदार पुष्कळदा आपल्याशिवाय दुसरा कोणीही नसतो.

समारोप

मित्रहो, कायदा आपल्याला किमान मर्यादा सांगतो. दार बंद झाल्यावर, नोंदवहीत काही लिहिले जाणार नाही अशा क्षणी आपण रुग्णाशी कसे वागतो, तेथून नीतीचा प्रांत सुरू होतो. तेव्हा आपापल्या केंद्रात परतल्यावर तीन कामे करावीत, अशी माझी विनंती आहे. पुनर्विलोकन मंडळाचा व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता रुग्णांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लावावा. मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क कलम २७ ने दिला आहे व तो रुग्णाला सांगणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. बाह्यरुग्ण विभागात निदान एक तरी जागा अशी करावी, जेथे बोललेले शब्द रांगेतल्या माणसाला ऐकू जाणार नाहीत. एक पडदा आणि दोन खुर्च्या पुरतात. आणि जेथे रुग्ण दाखल होतात तेथे प्रतिबंधाची नोंदवही महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून वाचावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे 'दुसरा उपाय होता काय?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा.

यांतील एकाही कामासाठी नव्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.